बंड्याचे तपकिरी मोजे

आमचं कुत्रं बंड्या मुळात पांढरा. अगदी दुधासारखा नाही, पण पांढराच. दीड वर्षाचा होईपर्यंत त्याचे पुढचे दोन पंजे हळूहळू चहात बुडवून काढल्यासारखे झाले आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर फोटो काढले. कसले गोड मोजे घातलेत बघा म्हणून. लेक तर त्याला मोजेवाला म्हणायला लागली. घरी येईल त्याला आम्ही सांगायचो की मोठा होताना रंग बदलतोय त्याचा, मिसळ जात आहे ना.

तो रंग लाळेचा होता. कुत्र्याच्या लाळेत पोर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, ते केसांवर वाळत गेलं की लालसर तपकिरी डाग पडतो, आणि पांढऱ्या केसांवर तो उठून दिसतो इतकंच. बंड्या काळा असता तर आम्हाला तेही दिसलं नसतं. म्हणजे आमचं कुत्रं रोज तास न् तास पंजे चाटत होतं, त्याचा हिशोब त्याच्याच पायावर लिहिलेला होता आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

चाटताना दिसत नव्हता का, तर दिसत होता की. संध्याकाळी सगळे टेकले की हा सोफ्याच्या कडेला जाऊन चप चप चप सुरू. मग चाटता चाटता पुढचे बारके दात लावून कुरतडायचा, बोटांच्या बेचकीत थोबाड खुपसून, एखाद्याला नखं खायची सवय असते ना अगदी तसं. म्हणून आम्हीही त्याला सवयच म्हणायला लागलो. "ए बंड्या, सोड!" असं ओरडलं की थांबायचा, बघायचा, उठून टेबलाखाली जायचा आणि तिथे परत चालू. मी कुठेतरी वाचलं की कंटाळलेली कुत्री असं करतात (करतातही, खोटं नाही ते), मग चावायची खेळणी आणली, खाऊ लपवायचे डबे आणले, आणि फिरायला जायची वेळ दुप्पट केली. मैदानातल्या गवतातून मस्त तासभर. आणि ह्याचं चाटणं वाढलं. मला इतका राग यायचा की काय सांगू, एवढं फिरवते, एवढं खेळवते, तरी ह्याचं आपलं तेच. गवतामुळेच वाढत असेल हे डोक्यात यायला मला पुढे सात महिने लागले.

पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं ते पंजा लंगडायला लागल्यावर. दोन बोटांच्या मधे लाल गाठ आली होती, फुटून थोडं रक्तमिश्रित पाणी येत होतं. त्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, म्हणाले ॲलर्जी असेल, एक इंजेक्शन दिलं, पाच मिनिटात आम्ही बाहेर. आणि खरंच जादू झाली, पाच दिवस हा पंजाला तोंड लावेना. फक्त पाणी किती पितोय, ढसाढसा, आणि शी-शूला बाहेर जायची शिस्त असलेलं कुत्रं हॉलमधे शू करून ठेवतंय आणि वर भुकेने येडं झालंय. सहाव्या दिवशी चप चप परत. परत गेले, परत इंजेक्शन. तिसऱ्या वेळी मी विचारलं की हे नक्की काय आहे, तेव्हा कळलं स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड वाईट असतं असं माझं अजिबात म्हणणं नाही, नीट वापरलं तर ते खाजेवर फार चांगलं काम करतं आणि पुढे आम्हीही एकदा वापरलं. पण तीन वेळा जाऊन एकदाही कुणी पंजाची बोटं फाकवून आत बघितलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

मधल्या काळात माझे स्वतःचे प्रयोग चालू होतेच. ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून पंजे बुडवले, तर आधीच सोललेल्या कातडीवर ते झोंबलं आणि बंड्या असा ओरडला की मी आठवडाभर त्याच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. लहान मुलांचे मोजे घातले, ते त्याने चावून काढले आणि एक अर्धा गिळला (दुसऱ्या दिवशी बाहेर आला, देव पावला). जे मोजे टिकले त्यांच्या आत ओल धरून वास यायला लागला. कुणीतरी टी ट्री ऑईल सुचवलं, ते मी आणूनही ठेवलं होतं आणि नशिबाने लावलं नाही, कारण कुत्र्यांना ते विषारी असतं आणि पंजावर लावलेली कुठलीही गोष्ट शेवटी पोटातच जाते. तेच माणसांच्या मलमांचं. आपल्याकडे रॅशवर झिंक ऑक्साइडवालं क्रीम सर्रास लावतात, कुत्र्याने ते चाटलं तर झिंकची विषबाधा होऊ शकते. मला हे सगळं नंतर कळलं. गळ्यात तो प्लास्टिकचा कोन घातला तर चाटणं थांबलं पण खाज कुठे थांबतेय, हा आपला कोन घेऊन दारांना धडकत फिरायचा आणि रात्री पंजे गालिच्यावर घासत बसायचा.

शेवटी वासाने निर्णय झाला. एका रात्री तो माझ्या उशीजवळ पंजा ठेवून झोपला होता आणि मला वाटलं की कुणीतरी ओले बूट खोलीत आणून ठेवलेत. आंबूस, दमट, थोडासा गोडसर. उठून दिवा लावून बोटं फाकवली तर आतली कातडी गुलाबी नाही, गडद, चामड्यासारखी जाड आणि तेलकट. नखांच्या मुळाशी चॉकलेटी चिकट थर. तेव्हा कळलं की हे सवयीचं प्रकरण नाही.

दुसऱ्या डॉक्टर त्वचेचंच जास्त काम बघणाऱ्या होत्या. त्यांनी पहिली वीस मिनिटं बंड्याला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. कधीपासून? तेव्हा वय काय होतं? एक पंजा की चारही? (हा प्रश्न फार महत्त्वाचा निघाला, का ते पुढे येईल.) आधी पुरळ दिसलं की आधी खाज सुरू झाली? कान खाजवतो का, डोकं झटकतो का, ढुंगण घासतो का? घरात माणसांपैकी कुणाला खाज आहे का? हा प्रश्न मला आगाऊपणाचा वाटला, पण सारकॉप्टिक मांज नावाची जी खरूज असते ती कुत्र्याकडून माणसाला तात्पुरती लागू शकते, म्हणून विचारतात. मग त्यांनी समजावलं की खाज कुठे आहे त्यावरून बराच अंदाज येतो. पिसवांची ॲलर्जी असेल तर कंबर आणि शेपटीचं मूळ. खरूज असेल तर कानांच्या कडा आणि कोपर. आणि पंजे, तोंड, कानाच्या आतली बाजू, काखा, पोट असं असेल तर संशय ॲटोपीकडे, म्हणजे हवेतल्या-घरातल्या गोष्टींच्या ॲलर्जीकडे, किंवा मग खाण्याकडे. या दोघांतला फरक नुसतं बघून करता येत नाही असं त्या स्पष्ट म्हणाल्या, आणि तिथेच मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटला.

मग तपासण्या, आणि त्या सगळ्या तिथल्या तिथे. बोटांच्या बेचकीत साधी पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलली, काचेवर लावली, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवली आणि मायक्रोस्कोपखाली. मग मला म्हणाल्या, "या, बघा." मी डोळा लावला तर जांभळ्या रंगाचे बारीक बारीक ठिपके, आणि त्यांच्यामधे भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे, कमरेत आवळलेले, गुबगुबीत दाणे. एका नजरेत पंधरा-वीस तरी. ते मॅलासेझिया, म्हणजे यीस्ट, बुरशीचाच एक प्रकार, आणि ठिपके म्हणजे बॅक्टेरिया. हे दोन्ही निरोगी कातडीवरही थोडे असतात, पण चाटून चाटून कायम ओल्या राहणाऱ्या बेचकीत त्यांची चंगळ होते, आणि ते वाढले की तेच परत खाज आणतात. ओल, यीस्ट, खाज, चाटणं, परत ओल. त्या ओल्या बुटांच्या वासाचा मालक मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला.

दुसरी तपासणी जरा जिवावर येणारी. कातडीची चिमूट दाबून धरून बोथट ब्लेडने खरवडतात, अगदी टिपूसभर रक्त येईपर्यंत, कारण डेमोडेक्स नावाचा किडा केसाच्या मुळात खोल राहतो आणि वरवर खरवडून हाती लागत नाही. बंड्या कुंईकुंई करत होता, मी त्याचं डोकं धरून दुसरीकडे बघत होते. किडे निघाले नाहीत. पिसवांचा कंगवाही स्वच्छ निघाला.

आता कुणालाही वाटेल की चला, यीस्ट सापडलं, औषध लावा, संपलं. मलाही वाटलं. त्यांनी कागदावर चार ओळी लिहिल्या: किडे, इन्फेक्शन, खाणं, वातावरण. म्हणाल्या, "याच क्रमाने जायचं, मधली पायरी गाळायची नाही, आणि यीस्ट हा पाहुणा आहे, त्याला बोलावणारा दुसराच कुणीतरी आहे." वर एक काम दिलं, रोज रात्री खाजेला ० ते १० मधे नंबर द्यायचा आणि लिहून ठेवायचा. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे खाणं-झोपणं सोडून खाजवतोय. मी एक शाळेची वही काढली. नवऱ्याने म्हणलं मीही देणार नंबर, मग दोन कॉलम केले. पहिल्या रात्री माझा ८, त्याचा ५. वरून भांडण. नंतर कळलं की हा अकरालाच झोपतो आणि बंड्याची खरी मैफल साडेबाराला सुरू होते.

किड्यांची पायरी लवकर उरकली. तपासणीत काही सापडलं नाही तरी खरूज कधीकधी खरवडण्यात निसटते, म्हणून पिसवा-गोचीड-खरूज सगळ्यांवर चालणारी तोंडाने द्यायची गोळी दिली. देण्याआधी याला कधी फिट आली होती का हे आवर्जून विचारलं, कारण त्या गटाच्या औषधांनी फिट येण्याचा धोका असलेल्या कुत्र्यांना जपावं लागतं. गोळीने नंबरात काही फरक नाही.

इन्फेक्शनच्या पायरीने मात्र आमचं घर ढवळून काढलं. बॅक्टेरिया आणि यीस्ट मारणारा क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि फेस १० मिनिटं कातडीवर राहिला पाहिजे. लावला आणि धुतला तर पैसे पाण्यात. आता दहा मिनिटं म्हणजे काय हे ओल्या कुत्र्याला धरून उभं राहिल्याशिवाय कळत नाही! पहिल्या दिवशी मी अंदाजाने दहा मिनिटं झाली म्हणून धुवायला घेतलं, घड्याळात बघितलं तर साडेतीन झाली होती. मग आम्ही पसरट टब आणला, त्यात चारही पंजे बुडतील एवढाच फेस, लेक समोर बसून त्याला थोडं थोडं चाटायला देणार म्हणजे तोंड वर राहील, आणि मोबाइलवर टायमर. मी बोटं एकेक फाकवून आत फेस चोळणार. कुत्र्याच्या बोटांच्या मधे किती कोपरे असतात, बाप रे. वरून बेचकी, खालून गादीच्या मागची खाच, नखाचं मूळ, आणि त्या मनगटाजवळच्या एकट्या नखाची बाजू, जिथे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं आणि तिथेच सगळ्यात जास्त घाण. धुतल्यावर कोरडं करणं त्याहून महत्त्वाचं. टॉवेलने नुसतं वरून पुसून नाही, टॉवेलचं टोक वळून प्रत्येक बेचकीत घालून दाबायचं. चोळायचं नाही, दाबायचं. मधल्या दिवशी क्लोरहेक्सिडीनचे वाइप्स. आणि बाहेरून आलं की साध्या पाण्याने पाय धुऊन परत तेच कोरडं करणं.

चौथ्या आठवड्यात परत चिकटपट्टी, परत मायक्रोस्कोप, शेंगा जवळजवळ गायब. वास गेला. वहीतला नंबर ८ वरून ५ वर. मी खूश, डॉक्टर खूश नव्हत्या. यीस्ट गेलं तरी ५ उरला, म्हणजे हा ५ दुसऱ्या कुणाचा तरी आहे. मला ते गणित फार आवडलं खरं तर.

मग खाणं. मी म्हणलं रक्ताची टेस्ट करून टाकू ना, कशाची ॲलर्जी आहे ते कळेल. त्या म्हणाल्या खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या कुठल्याच टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, धडधाकट कुत्र्यांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येतात. एकच खरी परीक्षा, ८ आठवडे असं खाणं की ज्यातलं प्रोटीन शरीराने आधी कधी बघितलेलं नाही किंवा ओळखता येणार नाही इतकं बारीक तोडलेलं आहे, आणि त्याशिवाय तोंडात काही म्हणजे काही नाही. आठच आठवडे का, तर खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमधे ५ आठवड्यांत ८० टक्क्यांहून जास्त जणांना फरक पडतो आणि ८ आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त. म्हणजे तीन आठवड्यांत सोडून दिलं तर काहीच कळत नाही. आम्ही तुकडे तुकडे केलेल्या प्रोटीनचं, हायड्रोलाइज्ड म्हणतात ते, खाणं घेतलं.

घरात मी हुकूम काढला. फ्रिजवर कागद चिकटवला. लेकीला शपथ घातली, नवऱ्याला ताकीद, आणि सासूबाईंना जरा जास्तच समजावलं कारण त्या आणि बंड्या यांच्यात जेवणाच्या वेळी काय व्यवहार चालतात ते सगळ्या घराला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मी कशाला देऊ बाई, मला काय कळत नाही का." पाचवा आठवडा आला, नंबर ५ च्या ५. कधी ६. माझी खात्री पटली की टेबलाखालून पुरवठा चालूच आहे. मी जेवताना त्यांच्या हाताकडे बघायला लागले. त्यांच्या ते लक्षात आलं. घरात दोन दिवस कुणी नीट बोलेना.

शनिवारी रात्री मी बंड्याचे दात घासत होते, जसे रोज घासते, आणि तो ब्रश असा मिटक्या मारत चाटत होता की मला एकदम शंका आली आणि मी ट्यूब उलटी करून बघितली. चिकन फ्लेवर. पाच आठवडे, रोज रात्री, माझ्या स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच. डॉक्टरांना फोन केला, त्या हसल्या आणि म्हणाल्या की बहुतेक घरांत असं काहीतरी निघतंच, चवीच्या गोळ्या, टूथपेस्ट, गोळी लपवायला दिलेलं चीज. कुत्र्यांना खाण्यातून सर्रास ॲलर्जी होते ती बीफ, दूध आणि चिकनचीच, त्यामुळे ती पेस्ट म्हणजे सगळं पाण्यात, दिवस पहिल्यापासून मोजा. मी सासूबाईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं." पुढचे कितीतरी दिवस बंड्याचं ताट त्या मला दाखवून मगच खाली ठेवायच्या.

दुसऱ्यांदा पूर्ण ८ आठवडे, काटेकोर. नंबर ५, ५, ४, ५. मग जुनं खाणं परत सुरू करून दोन आठवडे बघायचं, कारण खाण्याची ॲलर्जी असेल तर तेवढ्यात खाज परत भडकते. काही भडकलं नाही. म्हणजे खाणं संशयातून सुटलं. तीन महिने गेले आणि उत्तर 'नाही' आलं, मला रडू यायचं बाकी होतं. आता मागे बघून म्हणू शकते की त्या 'नाही'मुळे आयुष्यभर महागडं खाणं घालत बसायचं वाचलं, पण त्या दिवशी तसं काही वाटलं नव्हतं हे खरं सांगते.

उरलं वातावरण. ॲटोपिक डर्मटायटिसची, म्हणजे त्या ॲटोपीची, अशी काही टेस्ट नसते, बाकीचं सगळं वगळून जे उरतं ते. डॉक्टरांनी एक यादी दाखवली, २०१० मधे फाव्रो नावाच्या त्वचातज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेली. तीन वर्षांच्या आत सुरुवात, बहुतेक वेळ घरात राहणारं कुत्रं, आधी खाज आणि मग जखमा, पुढचे पंजे, कानाची आतली बाजू, पण कानांच्या कडा नाहीत आणि कंबर नाही, आणि स्टिरॉइडने खाज कमी होणं. वाचताना असं वाटलं की कुणी बंड्याला समोर बसवून लिहिलंय. ते इंजेक्शनचे पाच दिवससुद्धा कामी आले म्हणजे.

आता औषधं. खाज थांबवणाऱ्या ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या सुरू केल्या, पहिले १४ दिवस दोन वेळा, मग एकदा. ही गोळी एक वर्षाखालच्या पिल्लांना देत नाहीत आणि अंगात मोठं इन्फेक्शन असताना देत नाहीत, म्हणून आधी ती धुण्याची पायरी. दुसरा पर्याय होता लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, जे खाजेचा निरोप नेणारं इंटरल्यूकिन-३१ नावाचं प्रोटीन पकडून ठेवतं आणि साधारण ४ ते ८ आठवडे चालतं. गोळ्या द्यायला त्रास देणाऱ्या कुत्र्यांसाठी ते चांगलं. आमचा तर गोळी हातावर ठेवली तरी खातो. अँटिहिस्टामिन, म्हणजे आपण सर्दी-शिंकांना घेतो त्या गोळ्या, यांचा कुत्र्यांच्या खाजेवर फारसा परिणाम होत नाही. मी त्या आधी महिनाभर देऊन बघितल्या होत्या (विचारून, स्वतःच्या मनाने नाही, तेवढी अक्कल होती).

पहिली गोळी सकाळी दिली. रात्री साडेबाराला मला जाग आली आणि आधी कळेचना की का जाग आली. घर शांत होतं. बंड्या उताणा, चारही पाय वर, घोरत होता. वहीत २ लिहिला, नवऱ्यालाही उठवून दाखवलं. तो म्हणाला झोप.

ॲलर्जी कशाची हे शोधायची रक्ततपासणी याच्यानंतर केली. रोग ठरवायला तिचा उपयोग नसतो, पण लस, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याचीच शरीराला हळूहळू सवय लावणारं औषध, कशाची बनवायची ते ठरवायला असतो. धुळीतले माइट्स, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे, मोठ्या आकड्यात, गवताचे परागही. माझं ते दुप्पट वेळ गवतात फिरवणं! आता त्याच्या नावाने बनवलेली लस चालू आहे, आधी अगदी थोडी, मग वाढवत. पूर्ण फरक कळायला वर्षभर लागू शकतं आणि सगळ्यांनाच लागू पडते असंही नाही. आमचा सातवा महिना आहे, गोळी रोजची होती ती एक दिवसाआड झालीय, एवढं खरं. बाकी त्याची गादी आणि पांघरुणं दर आठवड्याला ६० अंशाच्या गरम पाण्यात, गालिचा काढून टाकला, आणि तो उंच गवतातून न जाता रस्त्याच्या कडेने फिरतो. हवा दमट असली की नंबर एकाने वाढतो. कानही तेवढ्याच वेळा तपासते, कारण कानाच्या आतली कातडी ही पंजाच्या कातडीचीच बहीण, एक रुसली की दुसरी रुसते.

मधे एकदा मात्र चांगलीच फजिती झाली. सगळं छान चाललेलं असताना एका संध्याकाळी बंड्या एकदम डावा पुढचा पंजा चावायला लागला, जोरात, पिसाटल्यासारखा. आता मी तर ॲलर्जीतली तज्ज्ञ. म्हणलं हवा बदललीय, शाम्पू, वाइप्स, दोन दिवस बघू. नंबर ७ लिहिला. तिसऱ्या दिवशी पंजा सुजला आणि वहीची मागची पानं चाळताना पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात डॉक्टरांचा प्रश्न दिसला, एक पंजा की चारही? ॲलर्जी डावा-उजवा बघत नाही. एकच पंजा असेल तर काहीतरी टोचलंय, कापलंय, नख तुटलंय, नाहीतर सांधा दुखतोय. तसंच उचलून नेलं. बेचकीत बारीक भोक, त्यातून डॉक्टरांनी चिमट्याने ओढून काढलं ते गवताचं कुसळ, बोटाच्या पेराएवढं, ओलं, टोकदार. त्याच्यावरचे बारीक काटे एकाच दिशेने वळलेले असतात म्हणून ते फक्त पुढे सरकतं, मागे येत नाही, आणखी थांबले असते तर पायात वर चढलं असतं. मी ते पुडीत बांधून घरी आणलं. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "कुसळच का?" आणि पहिल्यांदा मनापासून हसल्या.

पंजे आता पांढरे होतायत. ते कापूस लावून पुसल्यासारखं एकदम नाही होत, केस वाढतात तसं मुळापासून पांढरं वर सरकतं आणि तपकिरी टोकाकडे ढकललं जातं, म्हणजे मधे दोन महिने त्याचे पंजे दोन रंगांचे होते. बोटांमधले केस मी दर पंधरा दिवसांनी बोथट टोकाच्या कात्रीने कापते, ओल राहू नये म्हणून. वही अजून चालू आहे, तिसरी. काल मी २ लिहिला आणि नवऱ्याने ३, का तर म्हणे जेवणानंतर उजवा पंजा चाटत होता, त्याने स्वतः बघितलं. मी जाऊन पंजा हातात घेतला, बोटं फाकवली, आत सगळं कोरडं आणि गुलाबी. वरच्या केसांवर मात्र तूप लागलेलं होतं. सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या, उलटं धरून.